वजा केलेला हात

समीर मुजावरने यंत्र ओट्यावर ठेवलं तेव्हा स्वयंपाकघरात तीन बायका होत्या. खुर्चीत सुलभा कोरे बसल्या होत्या. वय पंचाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांच्या मागे त्यांची मुलगी ऋजुता उभी होती. या कामासाठी ती पुण्याहून आठवड्याची रजा काढून सांगलीला आली होती. दाराच्या चौकटीला टेकून वैजंता उभी होती. बावीस वर्षं ती या घरी भांडी घासत होती आणि येत्या रविवारी तिचं इथलं काम संपणार होतं.

"हे एवढंसं?" वैजंता म्हणाली. "मला वाटलं, फ्रिजएवढं असंल."

यंत्र डब्याच्या झाकणाएवढं होतं. समीरने ते चहाच्या पातेल्यावरून सावकाश फिरवलं आणि पडद्यावर करड्या रंगाचे थर उमटले.

माणूस वस्तूला हात लावतो तेव्हा थोडा घाम आणि थोडं तेल मागे ठेवतो, हे शंभर वर्षांपासून माहीत होतं. साबणाने ते धुतलं जातं, असा समज होता. तो अर्धाच खरा निघाला. घामातले क्षार स्टीलवरच्या क्रोमियमच्या पातळ थरात सूक्ष्म खड्डे पाडतात, पितळेवर पुसट गंज धरतो, आणि प्लास्टिकमध्ये त्वचेचं तेल दरवर्षी थोडं थोडं आत झिरपत जातं. धुण्याने वरचं जातं, आतलं राहतं. किती खोल गेलं यावरून स्पर्श किती जुना ते कळतं. प्रत्येकाच्या घामातल्या आम्लांचं प्रमाण वेगळं असल्याने तो कोणाचा तेही कळतं. या नोंदीला स्पर्शलेख म्हणत. सुरुवातीला ती पोलिसांनी वापरली, नंतर विमा कंपन्यांनी, आणि मग 'निवांत'सारख्या संस्थांनी.

मिरजेजवळच्या 'निवांत'मध्ये स्मरण जात चाललेली माणसं राहत. तिथे सोबत फक्त पंचवीस वस्तू नेता येत आणि त्या नातेवाइकांनी निवडायच्या नसत, स्पर्शलेखावरून ठरत. वस्तूचं नाव विसरलं तरी ती धरायची कशी हे हाताला बराच काळ आठवत राहतं. हाताच्या ओळखीच्या वस्तू भोवती असल्या की माणूस शांत राहतो. "नातेवाईक स्वतःला प्रिय असलेल्या वस्तू घेऊन येतात," संस्थेच्या डॉ. इनामदार पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. "फोटोंचे अल्बम, चांदीची निरांजनं. आणि रुग्ण शेजारच्या खोलीतला प्लास्टिकचा मग पळवतो."

ऋजुताला हे पटलं होतं. ती मातीतले क्षार मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. वर्षभरात आई दोनदा घराबाहेर पडून रस्ता चुकली होती, आणि एकदा रिकामा कुकर गॅसवर तासभर राहिला होता.

'निवांत'साठी स्पर्शलेख काढणाऱ्या कंपनीत असलेल्या समीरने सुलभाताईंचा तळवा काचेवर ठेवून नमुना घेतला. मग तो दाराकडे वळला.

"मावशी, तुमचाही हात लागेल."

"माझा कशाला? मला कुठं जायचंय?"

"वजा करायला. भांड्यांवर दोघींचे हात असणार. तुमचे काढून टाकले की काकूंचे तेवढे उरतील."

वैजंताने पदराला हात पुसला आणि काचेवर ठेवला. "करा की वजा," ती म्हणाली. "बावीस वर्सं घासतीया मी. मला वजा करून काय उरंल ते बघू तरी."

"मॅडम, वजाबाकी ठेवू ना?" समीरने ऋजुताला विचारलं. "तसा पर्याय निवडावा लागतो."

"ठेवा. आईचेच हवेत."

सुलभाताई काचेवर उमटलेला आपला पंजा पाहत होत्या. गेल्या काही महिन्यांत त्या ऋजुताशी फोनवरही हो-नाहीपलीकडे बोलत नव्हत्या.

दोन दिवसांत अकराशे अठ्ठेचाळीस वस्तू वाचून झाल्या. ऋजुताने यादी वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. वडिलांच्या घड्याळाला अकरा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. पैठणीला नऊ वर्षांत दोनदा, दोन्ही वेळा डांबरगोळ्या बदलताना. चांदीचं ताट, आजीची नथ आणि ऋजुताने हौसेने आणलेली दिवाणखान्यातली बोलणारी फोटोफ्रेम, सगळं यादीत शंभराव्या क्रमांकाच्या पुढे. पहिल्या क्रमांकावर सांडशी होती. त्यानंतर चहाचं पातेलं, झारा, रोळी, सहा वाट्या, दोन ताटल्या, मिठाची बरणी, मोबाइल. एका डब्यावर शेजारच्या कुलकर्ण्यांचं नाव कोरलेलं होतं. तो परत द्यायचा केव्हातरी राहून गेला असावा. पंचविसांतल्या एकोणीस वस्तू स्वयंपाकघरातल्या होत्या.

"सांडशी?" वैजंता म्हणाली. "सांडशीत जीव अडकलाय व्हय वैनींचा?"

"यंत्र तसं म्हणतंय."

"मग असंल बाई."

उरलेल्या वस्तूंतलं हवं ते घेऊन जा, असं ऋजुताने तिला सांगितलं. वैजंताने मांडणीपासून कपाटापर्यंत एक नजर फिरवली. "ठेवू कुठं? माझं घर आधीच भरलंय," ती म्हणाली आणि काही न घेता गेली. पुढच्या चार दिवसांत खोकी बांधली गेली आणि बहुतेक सामान एका संस्थेची गाडी येऊन घेऊन गेली. चांदी ऋजुताने पुण्याला नेली.

*

'निवांत'मध्ये प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी असे. नाडी, त्वचेचा ओलावा, हालचाल आणि आवाजाचा चढ-उतार यांवरून ती बेचैनीचा अंक काढायची. तीस दिवसांच्या आत अंक पंधराच्या खाली यावा लागे. आला नाही तर आतला विभाग. तिथे भिंतींना गाद्या होत्या, वस्तू एकही नव्हती, आणि भेट महिन्यातून एकदा.

एकोणिसाव्या दिवशी सुलभाताईंचा अंक सत्तावीस होता. डॉ. इनामदारांनी ऋजुताला बोलावून घेतलं.

खोली नीटनेटकी होती. एका कोपऱ्यात छोटा ओटा आणि बेसिन, बाजूला पंचवीस वस्तूंची मांडणी. सुलभाताई बेसिनपाशी उभ्या होत्या. डाव्या हातात फडकं होतं. उजवा हात त्यांनी बाजूला, हवेत धरला होता, तळवा वर.

"दिवसभर असंच," तिथली सेविका म्हणाली. "काहीतरी मागतात. जे द्यावं ते पुसून डावीकडे ठेवतात आणि परत हात पुढं. कंगवा दिला, तो पुसला. गोळीची डबी दिली, ती पुसली. चौदा जण आहेत माझ्याकडं ताई, एकट्या यांच्याजवळ किती वेळ उभी राहू?"

"आई, मांडणीवरची सांडशी देऊ?"

आईने सांडशी घेतली, पुसली, डावीकडे ठेवली. हात पुन्हा पुढे आला. ऋजुताने वाटी दिली, मग झारा दिला. पंचवीस वस्तू संपल्या तेव्हा हात तसाच होता आणि आईचा श्वास जलद झाला होता.

ऋजुताने समीरकडून मूळ नोंद मागवली, वजाबाकी न केलेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात तिच्या टेबलावर उघडली.

ती अपेक्षेपेक्षा फार मोठी होती. यादीसाठी वापरलेली माहिती एकूण माहितीच्या निम्मीही नव्हती. प्रत्येक भांड्यावर दोन हात होते, त्यात नवल नव्हतं. नवल थरांच्या रचनेत होतं. बोटांचा ओलावा सुकायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा हात पडला तर दोघांचे क्षार एकमेकांत मिसळून एकच डाग होतो. नंतर पडला तर थर वेगळे राहतात. भांड्यांवर जवळजवळ सगळे डाग मिसळलेले होते. वर्षानुवर्षं, हजारोंच्या संख्येत.

फक्त दोन वस्तूंवर थर स्वच्छ वेगळे होते. मिठाची बरणी आणि मिरच्यांचा डबा.

यंत्राच्या दृष्टीने याला काही अर्थ नव्हता. ऋजुता मात्र बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिली. मीठ-मिरची कोणी कोणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. नाहीतर भांडण होतं. म्हणजे बाकी सगळं हातोहात दिलं जात होतं. वैजंता घासत होती आणि आई शेजारी उभी राहून विसळत, पुसत, लावत होती. बाई लावूनही आई बावीस वर्षं रोज दोनदा तिच्या बाजूला उभी होती, आणि ऋजुताला ते ठाऊक नव्हतं. ती घरी जायची तेव्हा दिवाणखान्यात बसायची.

तिने स्वतःच्या फ्लॅटचा स्पर्शलेख उघडला. समीरच्या कंपनीने तो मोफत करून दिला होता. सहाशे बारा वस्तू. एकूण स्पर्शांपैकी एकाहत्तर टक्के एकट्या फोनवर. दुसरा हात कशावरही नव्हता.

*

वैजंता आता सांगलीतल्या एका कॉलेजच्या मेसमध्ये होती. तिच्या मागे भांडी धुणारं लांबलचक यंत्र चालू होतं; एका टोकाने ताटं आत जात होती, दुसऱ्या टोकाने वाफाळत बाहेर येत होती. तिने ऋजुताला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता मी सव्विसावी वस्तू," ती म्हणाली.

"तसं नाही मावशी."

"तसंच की. पंचवीस नेल्या, एक राहिली. ती न्यायला आलाय तुम्ही." ती रागावलेली दिसत नव्हती. "आणि एवढं यंत्र कशाला लागलं? मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. दारातच उभी होते की मी."

ऋजुताने चहा खाली ठेवला. "चूक झाली. तुम्ही तिथे काम घ्याल का? रोज?"

"न्हाई." वैजंताने मागच्या यंत्राकडे मान केली. "हे घासतंय, मी बटण दाबते. अजून चार महिने काढले असते ना तुमच्याकडं, तर गुडघा गेलाच असता. आता जिना चढते मी. ते सोडून परत बेसिनम्होरं उभं ऱ्हायला सांगू नका. येत्या रईवारी भेटायला येईन. कामाला न्हाई, भेटायला."

*

उपाय समीरने काढला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना भरवण्यासाठी 'निवांत'मध्ये यांत्रिक हात होते. त्यातला एक त्याने सुलभाताईंच्या बेसिनशेजारी भिंतीला बसवला. हात मांडणीवरून भांडं उचलायचा, नळाखाली ओलं करायचा आणि त्यांच्या तळव्यावर ठेवायचा. किती अंतरावर, किती वेळाने, हे त्याने स्पर्शलेखावरून ठरवलं. मीठ तेवढं तो ओट्यावर ठेवायचा.

सुलभाताईंनी पहिलं भांडं घेतलं, पुसलं, लावलं. दुसरं घेतलं. तासाभराने त्या स्वतःहून जाऊन बसल्या. चोविसाव्या दिवशी अंक एकोणीस झाला, सव्विसाव्या दिवशी तेरा.

"उत्तम," डॉ. इनामदार म्हणाल्या. "असाच राहिला तर तिसाव्या दिवशी मी कायमचा प्रवेश लिहून देते. तुम्ही निर्धास्तपणे पुण्याला जा."

ऋजुताला खरोखरच निर्धास्त वाटलं. रविवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी, ती वैजंताला घेऊन आली ती केवळ भेटीचं ठरलं होतं म्हणून.

वैजंता नवं लुगडं नेसून आली होती. ती पलंगावर बसली आणि यांत्रिक हाताचं काम बघत राहिली. हात भांडं देत होता, सुलभाताई पुसत होत्या. त्यांनी वैजंताकडे पाहिलं नाही. समीर हाताचा सांधा तपासायला आला होता, तो कौतुकाने उभा होता.

"हे भांडं घाण कधी हुतं?" वैजंताने विचारलं.

"होत नाही मावशी," समीर म्हणाला. "सगळी स्वच्छच आहेत."

"मग पुसायला कशाला देताय? त्यांना काय येडं समजलाय?" ती उठली. "बंद करा जरा ते."

समीरने ऋजुताकडे पाहिलं आणि हात बंद केला. सेविकेच्या चहाचं पातेलं बाहेर होतं, तळाला साय चिकटलेलं. वैजंताने ते आणलं, दोन हात मारल्यासारखं केलं आणि सुलभाताईंच्या तळव्यावर ठेवलं.

सुलभाताईंनी फडकं आत घातलं. थांबल्या. अंगठा तळावरून फिरवला. मग पातेलं परत वैजंताच्या पुढ्यात आपटलं.

"ह्याला घासलं म्हणतात?"

ऋजुता भिंतीला टेकून उभी होती, ती सरळ झाली. अठ्ठावीस दिवसांतलं आईचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

"दिसत न्हाई आता पयल्यासारखं वैनी," वैजंता म्हणाली.

"दिसत नाही तर चष्मा लाव. पोरीच्या लग्नात फुटला तो फुटला. अजून केला नाहीस ना?"

"केला की. घरी इसरले."

"रोजचंच आहे तुझं. घास नीट. आणि पाणी बारीक सोड, टाकी काय तुझ्या बापाची आहे?"

असं वीस मिनिटं चाललं. वैजंता तीच दोन-तीन भांडी घेत होती आणि सुलभाताई तिला नावं ठेवत होत्या. मध्ये एकदा दोघी हसल्या. सुलभाताईंच्या मनगटावरची पट्टी आधी पिवळी झाली, मग लाल.

डॉ. इनामदार आल्या तेव्हा अंक एकतीस होता.

"नाडी वाढलीय, आवाज चढलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पट्टीला याचा एकच अर्थ कळतो. परवा अंक असा असेल तर मला पर्याय नाही, ऋजुता. नियम मी बनवलेला नाही."

"ती बोलत होती डॉक्टर."

"ऐकलं मी. पण फॉर्ममध्ये बोलण्याचा रकाना नाही. या बाई येणार असतील तर अंक वर जाणार. हात असेल तर तेरा. मी तुमच्या जागी असते तर हात ठेवला असता."

समीर घुटमळत म्हणाला, "मॅडम, मी हाताला शिकवू शकतो. मधूनमधून एखादं भांडं खरकटं द्यायचं. थोडंसंच, अंक पंधराच्या आत राहील एवढं. किती भांड्यांमागे एक, तेवढं सांगा."

ऋजुता हिशेब करायला लागली. दहामागे एक, कदाचित बारामागे. तिच्या लक्षात आलं की आपण खरंच हिशेब करतो आहोत. तिने वैजंताकडे पाहिलं.

"मला काय इचारता," वैजंता म्हणाली. "खरकटं ऱ्हातं तेव्हा ऱ्हातं. ते ठरवून व्हय?"

तिसाव्या दिवशी सकाळी डॉ. इनामदारांनी दोन कागद पुढे ठेवले, एक कायमच्या प्रवेशाचा आणि एक घरी नेण्याचा. आदल्या दिवशी यांत्रिक हात चालू ठेवला होता आणि अंक बारा होता. सुलभाताई खिडकीपाशी गप्प बसल्या होत्या, अगदी शांत. ऋजुताने पहिला कागद पूर्ण वाचला. मग दुसऱ्यावर सही केली आणि प्रयोगशाळेला सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज पाठवला. अर्ज मंजूर होईल की नाही हे तिला माहीत नव्हतं.

सांगलीचा फ्लॅट रिकामा होता. बोललं की आवाज घुमत होता. पंचवीस वस्तू स्वयंपाकघरात लावून झाल्यावरही मांडणीचे तीन खण मोकळे राहिले. ऋजुताने गॅसला आपोआप बंद होणारी कळ आणि दाराला सूचना देणारं कुलूप बसवून घेतलं होतं. तिने पिठलं-भात केला, दोघी जेवल्या, आणि खरकटी भांडी बेसिनमध्ये ठेवून ती उभी राहिली. आई उठून शेजारी आली. फडकं घेतलं. उजवा हात पुढे केला.

ऋजुताकडे पुण्याला भांडी धुण्याचं यंत्र होतं. हाताने तिने शेवटचं भांडं केव्हा घासलं होतं ते तिला आठवेना. तिने पिठल्याचं पातेलं घासून दिलं. ते परत आलं. पुन्हा घासलं, पुन्हा परत आलं. ताटली परत आली, डाव परत आला. अकरा भांड्यांपैकी नऊ परत आली. तिच्या बोटांची टोकं सुरकुतली होती आणि कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

आईने फडकं खांद्यावर टाकलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळापासून ओल्या बाह्यांपर्यंत.

"नवी लागलीस का गं?"

ऋजुताने नळ बारीक केला.

"हो," ती म्हणाली.

"वाटलंच. बाह्या आधी वर कर. आणि पिठल्याचं भांडं लगेच घासायला घेत नाहीत, आधी भिजत घालतात. कोणी शिकवलं नाही वाटतं?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली आणि तिच्या हातून पातेलं काढून घेऊन नळाखाली धरलं. "बघ इकडे."